सुई टोचली, ती वहीत का नाही?

(वाचकांचे प्रश्न. उत्तर देणाऱ्या लेखिकेने इंदूरच्या रुग्णालयांत 31 वर्षं परिचारिका म्हणून काम केलं, त्यातली 19 वर्षं कॅज्युअल्टीत, म्हणजे आपत्कालीन विभागात.)

प्रश्न : आदरणीय सिस्टर, मी 27 वर्षांची आहे. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालं आहे, गेली 4 वर्षं इथल्याच एका खासगी रुग्णालयात कॅज्युअल्टीला आहे. पगार 22,000. सुदामानगरला आई-बाबा आणि धाकट्या भावाबरोबर राहते. ड्यूटी बहुतेक रात्रीचीच लागते, कारण बाकीच्या दोघींची मुलं लहान आहेत आणि मी ‘मोकळी’.

मागच्या महिन्यात पहाटे एक आजोबा आले. छातीत दुखतंय म्हणत दारातच कोसळले. 40 मिनिटं आम्ही आलटून-पालटून छाती दाबून सीपीआर दिला, पण गेले. मी त्यांचा चष्मा आणि कवळी पाकिटात घातली, वर नाव लिहिलं, मुलाच्या हातात दिलं आणि दहा मिनिटांनी डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली. भूक लागली होती. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, “तू दगड झालीस गं.” ते वाक्य डोक्यातून जात नाही.

स्थळ आलं आहे. मुलगा देवासला बँकेत आहे, चांगला वाटतो. त्याच्या आईची एकच अट, नाइट ड्यूटी बंद. बाबा म्हणतात, बायपासवरच्या एका शाळेत नर्सची जागा आहे, दिवसाची, ती घे. मैत्रीण म्हणते जर्मनीला चल. तिच्या ओळखीचा एजंट साडेतीन लाखांत सगळं करून देतो. मला स्वतःला एम्सची परीक्षा द्यायची आहे, पण रात्रपाळीत अभ्यास होत नाही. त्यात तीन महिन्यांपूर्वी घाईत सुई टोचली, इन्चार्ज ओरडतील म्हणून कुणाला बोलले नाही. असो. मी कॅज्युअल्टी सोडू का?

— एक वाचक, इंदूर

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ‘असो’पाशी थांबले. लग्न, शाळा, जर्मनी, एम्स सगळं जरा बाजूला राहू दे. आधी सुईचं बघू.

तू लिहिलं नाहीस की सुई कोणाची होती, इंजेक्शनची पोकळ होती की टाके घालायची, रक्त लागलेलं होतं का. त्या रात्री व्हायला हवं होतं ते असं : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, पिळायची नाही. लगेच ड्यूटी डॉक्टरांना सांगायचं, वहीत नोंद करायची, ज्याची सुई त्या पेशंटचं रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी साठी पाठवायचं. एचआयव्ही रोखणाऱ्या औषधाची गरज ठरली तर ते शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायचं. हे तुला पाठ आहे, मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला टोचली असती तर तूच तिला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं असतंस.

ती वेळ गेली. पण तपासणीची गेलेली नाही. सोमवारी जा आणि तिन्ही तपासण्या करून घे. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. आपल्याच रुग्णालयात नको वाटत असेल तर तिथे जा. सहा महिने पूर्ण झाले की पुन्हा एकदा कर. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीनही डोस, म्हणजे पहिला, एक महिन्याचा आणि सहा महिन्यांचा, झालेत का ते कार्डावर बघ. शिकत असताना घेतले असतील तरी अँटिबॉडीचा टायटर, म्हणजे रक्तातलं प्रमाण, काढ, तो 10 च्या वर हवा. घाबरू नकोस. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी लागण हजारात साधारण तिघांना होते. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्याला कितीतरी सहज होतो, म्हणून कार्ड बघ म्हणते.

मी इतकं का बोलते आहे ते सांगते. 1994 साली मलाही टोचली होती. सुईवर झाकण परत बसवायची सवय होती तेव्हा सगळ्यांना. तेही दोन्ही हातांनी. उजव्या हातातली सुई झाकण चुकवून डाव्या तर्जनीत गेली. मी ग्लोव्ह काढला, नळाखाली बोट धरलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. सांगितलं नाही, कारण तेव्हाच्या आमच्या इन्चार्जसमोर कुणी चूक कबूल करत नसे. माझी मुलगी त्या वेळी आठ महिन्यांची. त्या सकाळी घरी आले आणि तिला अंगावर पाजणं एकाएकी बंद केलं. सासूबाई विचारून विचारून थकल्या. पोर रडायची, मी बाटली पुढे करायची आणि न्हाणीघरात जाऊन बसायची. सहा महिन्यांनी रिपोर्ट आला, काही निघालं नाही. पण ते सहा महिने माझ्या मुलीला मी परत देऊ शकले नाही. एक वाक्य त्या रात्री बोलले असते तर पेशंटचं रक्त तपासून दोन दिवसांत उत्तर मिळालं असतं. म्हणून बोल. उशिरा का होईना, लेखी कळव, तारीख आणि वेळ घालून, आणि अर्जाची पोच घे. ओरडू देत.

आता आजोबांचं. तुझ्या आईंना वाईट म्हणत नाही. त्यांना घरात बसून दिसतं ते एवढंच की लेक माणूस गेल्यावर जेवली. त्यांना ती 40 मिनिटं दिसलेली नाहीत. मिनिटाला 100 ते 120 या गतीने छाती दोन इंच दाबायची, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. 40 मिनिटांनंतर मनगटं सुजतात आणि गुडघे थरथरतात. त्या अंगाला भूक लागते. मी नवी होते तेव्हा एक लहान मूल गेलं आणि मी साइड रूममध्ये रडत उभी होते. आमच्या मोठ्या सिस्टर आल्या, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आधी ट्रे भर.” मी रडत रडत अ‍ॅड्रेनलिनच्या अँप्यूल मोजल्या, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का बघितलं, सक्शनची नळी बदलली. ट्रे झाकते न झाकते तोच 108 नव्हे, तेव्हा टेम्पो, दारात लागला. जेवण हेही ट्रे भरणंच आहे.

दगड कशाला म्हणायचं ते मी पाहिलं आहे. सुई लावण्याआधी पेशंटला सांगणं बंद होतं. ‘बेड 4’ म्हटलं जातं, नाव विचारलं जात नाही. इंजेक्शनचं लेबल दुसऱ्यांदा वाचायचा कंटाळा येतो. ड्यूटीला निघताना पोटात गोळा येतो आणि सुट्टीच्या दिवशीही जात नाही. यातलं काही होत असेल तर लगेच मेट्रनशी, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांशी, बोल, आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायला लाजू नकोस. पण ज्या मुलीने रात्रीच्या त्या गर्दीत कवळी शोधून पाकिटात घातली आणि वर नाव लिहिलं, तिच्याबद्दल मला ती शंका येत नाही. त्या मुलाने ते पाकीट घरी ठेवलं असेल.

तू दमली आहेस हे मात्र खरं. आणि ‘मोकळी’ म्हणून रात्री तुझ्या माथी मारणं हा अन्याय आहे. लग्न न झालेली म्हणजे झोपेची गरज नसलेली नव्हे. मेट्रनकडे लेखी मागणी कर की रात्रपाळ्या तिघींत सारख्या वाटाव्यात आणि सलग रात्रींनंतर दोन दिवस ऑफ मिळावा. बाकीच्या दोघींची अडचण खरी आहे, पण ती सोडवणं रुग्णालयाचं काम आहे, तुझ्या झोपेचं नाही. सहा आठवडे असे काढ, मग नोकरी सोडायची का ते ठरव. रात्रपाळीच्या शेवटी घेतलेला निर्णय मी माझा स्वतःचाही मानत नसे.

शाळेच्या नोकरीला कमी लेखू नकोस. एका रंगपंचमीला गेरमधून, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीतून, चार पोरांना आणलं होतं. डोक्यापासून पायापर्यंत गुलालाने माखलेली. रक्त कुठलं आणि रंग कुठला कळेना. तिघं आरडाओरडा करत होते, नातेवाईक त्यांच्याभोवती. चौथा बाकावर गप्प बसला होता. ओल्या गॉजने त्याचं तोंड पुसलं तर ओठ पांढरे, नाडी धाग्यासारखी. पोटात रक्तस्राव चालला होता. ओरडणाऱ्याचा श्वास मोकळा असतो, आधी गप्प बसलेल्याकडे बघायचं, हे कॅज्युअल्टीनेच शिकवलं. शाळेच्या मैदानावर चाळीस पोरं दंगा करत असताना कोपऱ्यात बसलेलं एक पोर ओळखायला हीच नजर लागते. आवडीने जाणार असशील तर जा. दगडाच्या भीतीने जाऊ नकोस.

जर्मनीच्या एजंटला एक रुपया देऊ नकोस. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्याकडे केंद्र सरकारचा परवाना लागतो, तो ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरच्या यादीत बघता येतो, आणि नियमाने तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच शुल्क घेऊ शकतो. साडेतीन लाख कशाचे, हे त्याला लेखी विचार. शिवाय तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळायला जर्मन भाषा बी-2 या पातळीपर्यंत यावी लागते. एजंट ती तुझ्या डोक्यात घालू शकत नाही. खरंच जायचं मनात असेल तर आधी भाषेचा वर्ग लाव; सहा महिन्यांत कळेल की जमतंय का.

माझं मत विचारशील तर एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा, दे. जीएनएमवाल्यांना नोंदणीनंतर 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव लागतो, तुझी 4 वर्षं झाली आहेत. वयाची मर्यादा 30, म्हणजे हातात तीनच वर्षं. मूळ वेतन 44,900 पासून सुरू होतं, भत्ते वेगळे, आणि भोपाळचं एम्स घरापासून चार तासांवर. पण उद्या अनुभवाचा दाखला मागशील तेव्हा त्यावर खाटांची संख्या, रुजू झाल्याची तारीख आणि ‘आपत्कालीन विभाग’ हे शब्द असायला हवेत. तो आत्ताच, संबंध चांगले असताना, मागून ठेव. जाताना कुणी नीट देत नाही. अभ्यास रोज एकच तास कर, तोही झोप झाल्यावर. झोपेआधी पुस्तक उघडू नकोस. कॅज्युअल्टीवर जीव असेल तर पुढे आपत्कालीन आणि आपत्ती नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहे.

राहिलं स्थळ. त्याच्या आईंशी वाद घालू नकोस, त्या तुला ओळखत नाहीत. मुलाला छप्पन दुकानला बोलाव, पोहे मागव आणि पर्समधून महिन्याचं रोस्टर काढून टेबलावर ठेव. रात्री 8 ला जाते, सकाळी 8 ला सुटते, घरी पोहोचून दुपारी दोनपर्यंत झोपते, महिन्यात इतक्या रात्री. मग विचार की त्या सकाळी चहा कोण करेल. तो काय म्हणतो त्यापेक्षा तो कागद हातात घेऊन वाचतो का ते बघ. माझ्या यजमानांनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कुकर लावायला शिकून घेतलं आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिची वेणी. वेणी शेवटपर्यंत सैलच यायची. त्या जोरावर मी 19 वर्षं तिथे उभी राहिले.

सोमवारच्या तपासणीचा रिपोर्ट आला की मला पत्र टाक. तो जो काही असेल तो.

प्रश्न : मुलगी बारावी झाली, तिला नर्सिंग करायचं आहे. जीएनएम बरं की बीएससी? ओळखीच्या एकांनी स्वस्त कॉलेज सुचवलं आहे, हजेरीची सक्ती नाही म्हणतात.

— एक पालक, रामबाग

उत्तर : बारावीला जीवशास्त्र असेल आणि चार वर्षांचा खर्च झेपत असेल तर बीएससी. नसेल तर तीन वर्षांचं जीएनएम. पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएससी करता येते, दार बंद होत नाही.

पण ‘हजेरीची सक्ती नाही’ हे ऐकून मला झोप लागली नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने आपल्या राज्यातली नर्सिंग कॉलेजं तपासली, तेव्हा कितीतरी कॉलेजं निकषांत बसली नाहीत, आणि भोगलं मुलींनी : परीक्षा लांबल्या, वर्षं गेली. शिवाय वॉर्डात उभी न राहिलेली मुलगी उद्या कुणाच्या तरी आईला सलाइन लावणार आहे. मान्यतेचा कागद यंदाच्या वर्षाचा आहे ना ते बघा आणि जोडलेलं रुग्णालय स्वतः जाऊन पाहा. न सांगता जा, सकाळी अकराच्या सुमारास. खाटा दाखवतील, त्या भाड्यानेही आणता येतात. तुम्ही इमारतीच्या मागे जा आणि दोरीवर चादरी वाळत आहेत का ते बघा.