विकराला आवरणारा तो ‘निरोधक’ की ‘प्रतिबंधक’?

प्रश्न असा आहे : जैवरसायनशास्त्रातल्या एका शोधनिबंधाचा परिचय मराठीत लिहायचा आहे. एंझाइमला (म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, मराठीत ‘विकर’) इनहिबिटर, म्हणजे त्याचं काम थांबवणारा किंवा मंदावणारा रेणू, चिकटलेला असताना मिळालेली त्या एंझाइमची स्फटिक संरचना आणि एंझाइमचं कार्य, असा इंग्रजी शीर्षकाचा आशय. तर ‘इनहिबिटर’ला प्रतिबंधक म्हणायचं, अवरोधक म्हणायचं की निरोधक? आणि ‘बाउंड’ म्हणजे बांधलेला, जोडलेला की बद्ध?

माझं उत्तर आधी सांगते : निरोधक आणि बद्ध.

प्रतिबंध आधी करायचा असतो. प्रतिबंधक लस रोग होण्यापूर्वी टोचतात. इनहिबिटर येतो तेव्हा मात्र एंझाइम तयार झालेलं असतं, बहुतेक वेळा कामालाही लागलेलं असतं. अवरोध वाटेत असतो. पेशीच्या पटलातून कॅल्शियम आत येण्याच्या मार्गिका बंद करणाऱ्या औषधांना ‘अवरोधक’ हा शब्द चपखल बसतो, कारण इंग्रजीतही त्यांना ‘ब्लॉकर’च म्हणतात. तो शब्द इनहिबिटरवर खर्च केला तर ब्लॉकरसाठी पुन्हा शोधाशोध. शिवाय काही इनहिबिटर एंझाइमच्या कामाच्या जागी जातच नाहीत. ते भलतीकडेच बसतात, तिथून रेणूचा आकार किंचित बदलतो आणि काम थांबतं किंवा मंदावतं. अशा वेळी वाट अडवलेली नसते, तरी काम आवरलेलं असतं.

‘आवरलेलं’ हेच निरोधाचं मर्म. रुध् म्हणजे अडवणं, त्याला ‘नि’ लागला की आतल्या आत धरून ठेवण्याची छटा येते. योगात चित्तवृत्तींचा निरोध म्हणतात तेव्हा चित्त नष्ट झालेलं नसतं, त्याच्या वृत्ती आवरलेल्या असतात. इथेही एंझाइम शाबूत असतं, फक्त त्याची क्रिया थांबलेली असते. पुष्कळ निरोधक सुटूनही येतात आणि एंझाइम पुन्हा कामाला लागतं. म्हणून ‘नाशक’ तर नकोच.

आता शीर्षकातली खरी मेख. काम थांबलेल्या एंझाइमकडे बघून त्याचं कार्य कसं कळणार? परिचयात हे उलगडलं नाही तर वाचकाला ‘निरोधक’ आणि ‘कार्य’ हे शब्द एका ओळीत विसंगत वाटतील. लायसोझाइम या एंझाइमचं उदाहरण घ्या. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 साली त्याची नोंद केली. जिवाणूंच्या भिंतीतली शर्करांची साखळी ते तोडतं. अंड्याच्या पांढऱ्यातल्या लायसोझाइममध्ये 129 अमिनो आम्लं असतात. 1965 साली लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची संरचना क्ष-किरणांनी उलगडली. एखाद्या एंझाइमची संरचना अशी कळण्याची ती पहिलीच वेळ. रेणूच्या एका अंगाला लांबट खाच दिसली. पण खाच दिसली म्हणजे काम तिथेच चालतं असं सिद्ध होत नाही. खरी साखळी आत सोडावी, तर चित्र मिळेपर्यंत ती तुटून गेलेली असणार. म्हणून लुईस जॉन्सन आणि फिलिप्स यांनी तीनच शर्करांचा आखूड तुकडा वापरला. तो खाचेत नेमका बसतो, पण तुटतो इतका हळू की एंझाइम जणू त्याच्यापाशीच अडकून पडतं. हाच तो निरोधक. त्याने खाचेतल्या सहापैकी तीन जागा घेतलेल्या दिसल्या. उरलेल्या तीन जागांवर साखळी कशी पुढे जाईल हे प्रतिकृती रचून पाहिलं, आणि साखळी चौथ्या आणि पाचव्या शर्करेच्या मध्ये तुटत असणार हे ध्यानात आलं. तिथेच एंझाइमची पस्तिसावं आणि बावन्नावं अशी दोन अमिनो आम्लं समोरासमोर आहेत. खाचेत पाचर ठोकून ठेवली, म्हणून खाचेचं काम कळलं!

पाचर, खीळ, अडसर हे आपले शब्द पारिभाषिक शीर्षकात चालणार नाहीत, पण मजकुरात जरूर वापरा. खाचेत बसणाऱ्या निरोधकाला ‘पाचर’ म्हटलं की चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं.

‘बांधलेला’ म्हटलं की बांधणारा कुणीतरी आणि दोरीही आली. ‘जोडलेला’ हा शब्द मी ॲस्पिरिनसारख्या उदाहरणासाठी राखून ठेवते. तिथे औषधाचा एक गट एंझाइमला रासायनिक बंधाने कायमचा जोडला जातो. ‘बद्ध’ मात्र नुसता चिकटलेला आणि असा जोडलेला, दोन्हींसाठी चालतो. वचनबद्ध, शिस्तबद्ध, छंदोबद्ध या समासांत ज्याने बांधलं ते आधी येतं, म्हणून निरोधकाने बद्ध ते ‘निरोधकबद्ध विकर’. उलट केलंत तर ‘विकरबद्ध निरोधक’ होईल, आणि मग लेख निरोधकाविषयी आहे असं वाटेल. ‘निरोधकयुक्त’ मात्र टाळा. ‘युक्त’ने नुसतं असणं कळतं, धरून ठेवणं कळत नाही.

‘विकर’ शाळेच्या पुस्तकांमुळे परिचित आहे, पण एक काना वाढला की त्याचा विकार होतो, तेव्हा मुद्रितं नीट तपासा. जुना ‘वितंचक’ मला फार आवडतो. त्यातला तञ्च् धातू गोठण्याचा, आळण्याचा आहे आणि संस्कृतात आतंचन म्हणजे विरजण. ‘एंझाइम’मधला ग्रीक शब्दही खमिराचाच. पण आज ‘वितंचक’ लिहिलंत तर पहिला परिच्छेद तो समजावण्यातच जाईल.

‘स्फटिक संरचना’ ठेवा, फक्त मजकुरात एक वाक्य घाला. मिठाच्या स्फटिकाची रचना म्हणतो तेव्हा आपल्याला स्फटिकच समजून घ्यायचा असतो. इथे स्फटिक हे साधन आहे. त्यात असंख्य रेणू शिस्तीत मांडलेले असतात, म्हणून क्ष-किरणांतून एका रेणूचा आकार काढता येतो.

तर शीर्षक : ‘निरोधकबद्ध विकराची स्फटिक संरचना आणि विकराचं कार्य’. ‘विकर’ दोनदा आला आहे तो मुद्दाम. नाहीतर ‘कार्य’ स्फटिकाचं की निरोधकाचं, असा घोळ होतो.