पुण्यातल्या घराच्या छोट्या बागेत फुलपाखरं, मधमाश्या यायला कोणती देशी झाडं लावावीत? कढीपत्त्यावरच्या अळ्या माराव्यात का? आणि निरीक्षण कसं करावं?

अळ्या मारू नका. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. नर्सरीतून आणलेल्या रंगीत फुलांवर काहीच फिरकत नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि त्याच बागेत एका झाडाची पानं कोणीतरी खातंय. म्हणजे पाहुणे आलेत, फक्त ते फुलपाखराच्या वेशात नाहीत.

मीही पुण्यातच राहते. तुमच्यासारखीच जेमतेम जागा, थोडी जमीन आणि बाकी कुंड्या. माझं मत असं की फुलांआधी पानांचा विचार करावा. मध प्यायला फुलपाखरू बऱ्याच फुलांवर बसेल, पण अंडी घालायला मादीला ठरावीक झाडच लागतं. ते बागेत असेल तर ती आपणहून येते.

कढीपत्त्यावर बहुतेक वेळा कॉमन मॉरमॉन (आपल्याकडे त्याला बहुरूपी म्हणतात) किंवा लाइम बटरफ्लाय अंडी घालतं. कोवळ्या पानावर मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळा मणी दिसला की समजा. त्यातून निघालेली अळी तपकिरी-पांढरी असते, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. तिला काडीनं हळूच टोचून बघा. डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुंग्या नि कोळ्यांना पळवायला एवढं पुरतं. स्वयंपाकाला कढीपत्ता कमी पडत असेल तर दुसरी कुंडी लावा आणि अळ्या पानासकट तिकडे हलवा. कोष झाला तरी फुलपाखरू निघेलच असं नाही. कधी कोषाला बारीक भोक पडतं आणि आतून चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या निघतात. वाईट वाटतं, पण तोही बागेचाच हिशोब आहे.

बाकीची झाडं: जागा असेल तर कोपऱ्यात रुई. तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखराच्या, म्हणजे बिबळ्या कडव्याच्या, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या येतात. रुईच्या चिकातलं विष त्या अंगात साठवतात, म्हणून पक्षी सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. (तो चिक डोळ्यात जाऊ देऊ नका. घरात लहान मुलं असतील तर रुई नकोच.) कुंडीत आपसूक उगवणारी घोळ उपटू नका. ती छोटा चांदवा या फुलपाखराच्या अळ्यांची खाद्यवनस्पती आहे, आणि त्याची मादी त्या विषारी बिबळ्या कडव्याची इतकी सही नक्कल करते की पहिल्यांदा बघणारा हमखास फसतो. कोरांटी लावाच. तिची पानं पॅन्सी फुलपाखरांच्या अळ्यांना, आणि पावसाळ्यानंतर फुलली की मध शिंजिराला (सूर्यपक्ष्याला). तगर असेलच घरी. तिच्यावर कधीतरी बोटाएवढी हिरवी अळी दिसेल, पुढच्या बाजूला दोन निळे डोळे काढलेले. ते खरे डोळे नव्हेत. तो एक मोठा, देखणा पतंग होणार आहे.

नर्सरीतल्या झाडांवर काही न येण्याची आणखी दोन कारणं असू शकतात. एक, भरगच्च पाकळ्यांच्या जातींत बऱ्याचदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग माशीला पराग मिळणार कुठून? एकेरी जास्वंद आणा. दुसरं, विकायच्या रोपांवर अनेकदा कीटकनाशक मारलेलं असतं. नवी पालवी येईपर्यंत थांबा.

मधमाश्यांसाठी वेगळं काही नको. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, थोड्या फुलू द्या. सातेरी आणि फुलोरी या आपल्याकडच्या लहान मधमाश्या तिथे सकाळपासून हजर असतात. मला मात्र सगळ्यात जास्त मजा वांग्याच्या फुलाशी येते. वांग्याचे परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांना टोकाशी फक्त बारीक छिद्रं असतात. सातेरीला तो पराग नीट काढता येत नाही. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी येते, फुलाला मिठी मारते आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते. आवाज एकदम बदलतो, चढ्या सुरात ‘झूंऽऽ’, आणि पिठाच्या चाळणीतून पडावा तसा पराग तिच्या पोटावर पडतो. एक रोप कुंडीत लावा, हे घरबसल्या बघायला मिळतं.

निरीक्षणाचं म्हणाल तर बागभर फिरू नका. ऊन आल्यावर, साधारण आठ ते अकराच्या दरम्यान, एकाच झाडापाशी बसा. वहीत तारीख, झाड आणि ‘काय करत होतं’ एवढं लिहा. मध पीत होतं, अंडी घालत होतं की नुसतं ऊन खात होतं, हे नावापेक्षा महत्त्वाचं. फोटो काढताना पंखांची खालची बाजूही घ्या, ओळख बऱ्याचदा तिथेच पटते. आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलात तर लोक नाव सुचवतात, पण घराचं अचूक ठिकाण लपवण्याचा पर्याय निवडा. पुण्यात सप्टेंबर ते नोव्हेंबर हा सगळ्यात भरीचा काळ. एप्रिल-मेमध्ये फारसं काही दिसलं नाही तर नाउमेद होऊ नका.

मातीची एक उथळ परळ ओल्या चिखलानं भरून ठेवा, फुलपाखरं, विशेषतः नर, त्यातले क्षार शोषायला उतरतात. पाणी साचू देऊ नका, नाहीतर डासांची सोय होईल.

शेवटी नीमतेलाचं, कारण खाली प्रतिक्रियांत कोणीतरी ते सुचवणारच. नैसर्गिक आहे म्हणून अळीला चालतं असं नाही. त्यातलं अझाडिरॅक्टिन तिची कात टाकण्याची क्रियाच बिघडवतं. मावा फार झाला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि थोडे दिवस कळ काढा, मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) येतात.