बी.एस्सी. की बी.ए.? आधी तीन वर्षांनंतरचं बघ

बारावी सायन्स करून बी.ए.ला जाऊ का विचारतोयस, तर एक लक्षात घे: सायन्समधून आर्ट्सला नंतरही वळता येतं, उलटा रस्ता जवळपास बंद असतो.

सायन्सला स्कोप आहे, हे घरचं म्हणणं अर्धंच खरं. केमिस्ट्रीच्या नुसत्या बी.एस्सी.वर नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात क्यूसी लॅबला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबला लागशील. शिफ्ट, टायट्रेशन, एचपीएलसी, म्हणजे नमुन्यात काय किती आहे ते मोजणं. काम वाईट नाही, मीही तेच केलंय. पण पगार खरा हलतो तो एम.एस्सी.नंतर किंवा क्यूएकडे, म्हणजे गुणवत्तेचे नियम आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्या विभागाकडे सरकल्यावर. आणि क्यूएमध्ये दिवसभर करायचं काय? लिहायचं! एसओपी (कामाची ठरलेली पद्धत), डेव्हिएशन रिपोर्ट (ती पद्धत कुठे मोडली त्याचा अहवाल), ऑडिटची उत्तरं. धड चार वाक्यं न लिहिता येणारे हुशार केमिस्ट तिथेच अडकलेले बघितलेत.

बी.ए.त इकॉनॉमिक्स घेतलंस तर गणित, स्टॅटिस्टिक्स सोडू नकोस. सायकॉलॉजीला एम.ए. धरूनच चाल.

स्पर्धा परीक्षांसाठी बी.ए.च हवं, हा गैरसमज. राज्यसेवेला, यूपीएससीला कुठलीही पदवी चालते. ठाणे महापालिकेची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था ज्यांच्या नावाने आहे, ते चिंतामणराव देशमुख केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले, मग आयसीएस (ब्रिटिश काळातले सनदी अधिकारी) झाले आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर.

ठाण्यात बांदोडकर हे सायन्सचं आणि जोशी-बेडेकर हे आर्ट्सचं कॉलेज एकाच आवारात आहेत. दोन्हीकडची शेवटच्या वर्षाची मुलं गाठ, त्यांचे गेल्या वर्षीचे सीनियर सध्या काय करतायत ते विचार. मेरिट लिस्ट लागायच्या आत.