सीपी वाढत नाही, मग पाय का थकले?

प्रश्न : ताई, मी ४२ वर्षांचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे दोन्ही पाय ताठ. काठीच्या आधाराने शिकलो, आता औसा तालुक्यातल्या आमच्या गावात सेवा केंद्र चालवतो. पण अलीकडे घर ते दुकान एवढ्यातच पाय गळून जातात, कंबर धरते, पडलोही. डॉक्टर म्हणतात, सीपी वाढणारा आजार नाही. घरचे म्हणतात, आळशी झालास. पाण्यातल्या व्यायामाने फरक पडतो असं ऐकलं. भावाच्या शेतात शेततळं आहे. तिथं उतरू का?

उत्तर : दादा, शेततळ्यात उतरू नका. भाऊ सोबत असला तरी नाही. आतल्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं, काठ उतरता असतो, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्यावरून वर चढता येत नाही. आपल्याकडे अशा तळ्यांत धडधाकट माणसं बुडाली आहेत. विहीरही नको.

आता आळसाचं. डॉक्टर म्हणाले ते खरंच आहे, मेंदूला झालेली इजा वाढत नाही. पण त्या इजेचा भार इतकी वर्षं ज्या सांध्यांनी आणि स्नायूंनी वाहिला, ते लवकर झिजतात. ताठ पायाने एक पाऊल टाकायला तुम्हाला इतरांपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. त्यामुळे सीपी असलेल्या अनेकांना तिशी-चाळिशीतच थकवा, कंबरदुखी, खुब्याचं दुखणं सुरू होतं, चालणं कमी होतं. हा परिच्छेद घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

पाण्याचा उपयोग नक्की होतो. कमरेपर्यंतच्या पाण्यात पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीपर्यंतच्या पाण्यात एक तृतीयांशाच्या आसपास. तोल गेला तरी पाणी सावकाश कलू देतं, पाय सावरायला वेळ मिळतो. माझ्याकडे पाण्यातल्या व्यायामाला एक बाई येतात, तुमच्यासारख्याच, चवड्यांवर चालणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी रेलिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. थोड्या वेळाने मी पाण्यात हात घालून पाहिलं, तर उजवी टाच फरशीला टेकलेली! जमिनीवर ती टेकलेली मी कधी पाहिली नव्हती. सगळ्यांची टेकत नाही. सांधाच आखडून गेला असेल तर पाण्यानेही ती खाली येणार नाही.

पाणी कोमट हवं. ३३ ते ३५ अंशांचं पाणी ताठ स्नायू सैल करतं, गार पाणी उलट आणखी ताठ करतं. आपल्याकडे गरम पाण्याचे तलाव कुठले? पण मार्च ते मे उघड्या तलावाचं पाणी उन्हाने तापलेलं असतं, ऊन कललं की संध्याकाळच्या बॅचला जा. थंडीतली सकाळची बॅच तुमच्यासाठी नाही. लातूरला तलाव बघताना आत उतरायला पायऱ्या आणि धरायला रेलिंग आहे का ते पाहा. नुसती उभी शिडी असेल तर दुसरा तलाव शोधा.

पोहता आलं पाहिजे असं नाही. छातीभर पाण्यात रेलिंग धरून पुढे, मागे, आडवं चाला, सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं. जवळ माणूस हवाच. बाहेर येताना जपा, सगळं वजन एकदम पायांवर परत येतं. काठाजवळ खुर्ची मांडून ठेवा, काठीचं रबर झिजलं असेल तर बदला. फिट येत असतील, जखम असेल, लघवीला जळजळ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका.

टंचाईत तलावाचं पाणी आधी बंद होतं. लातूरकरांना हे सांगायला नको, २०१६ ला आपण रेल्वेने आलेलं पाणी प्यायलो. त्या दिवसांत घरी खुर्चीवरून उठणं-बसणं आणि पोटऱ्या ताणणं चालू ठेवा. एरवीही ते सोडू नका, कारण हाडांना जमिनीवरचं वजन लागतंच. आणि दुकानाला तीनचाकी स्कूटरवर जायला लागा. त्यात कमीपणा कसला? वाचलेली ताकद व्यायामाला येईल.

हातांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. शर्टाची बटणं लावताना किंवा टायपिंग करताना बोटं पूर्वीपेक्षा अडखळतात का? मुंग्या येतात का? लघवीवरचा ताबा बदललाय का? यातलं एकही असेल तर मानेतला मज्जारज्जू दबत असू शकतो. मग तलाव राहू द्या, याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.