लुईनं घाई केली नसती तर?

प्रश्न (एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर): नमस्कार सर, संध्याकाळी रंकाळ्यावर आमचा ग्रुप बसतो, तिथं बरगंडीच्या, म्हणजे फ्रान्सला लागून असलेल्या ड्यूकांच्या जुन्या राज्याच्या, वारसावरनं जोरात वाद झाला. जानेवारी 1477 मध्ये ड्यूक चार्ल्स नान्सीच्या लढाईत पडला, मागं एकुलती एक मुलगी मेरी, आणि फ्रान्सच्या अकराव्या लुईनं लगेच सैन्य घुसवलं. एक मित्र म्हणतो मेरीनं लुईच्या पोराशी लग्न केलं असतं तर पुढची सगळी युद्धं टळली असती. असं झालं असतं का? आणि मुलगी म्हणून तिचा हक्कच नव्हता का?

उत्तर: नमस्कार. आधी हक्काचं बघू. बरगंडीची मूळ डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख, 1363 मध्ये फ्रान्सच्या राजानं धाकट्या मुलाला जहागीर म्हणून दिलेली, त्यामुळं लुई म्हणायला लागला की पुरुषवंश संपला, आता ती परत आमची. पण त्याआधी दोनच वर्षं, 1361 मध्ये, जुना ड्यूक निपुत्रिक गेल्यावर त्याच राजानं ती डची स्वतःच्या आईच्या नात्यावरनं घेतली होती! म्हणजे घेताना आईचं नातं चालतं आणि द्यायची वेळ आली की मुलगी चालत नाही, हे काय बरोबर नाही. फ्लँडर्सचा (आजच्या बेल्जियमकडचा भाग) तर प्रश्नच नव्हता, तो प्रांत बरगंडीच्या घराण्याकडं आला तोच सुनेच्या वारशातनं. आणि ह्या मेरीला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून कोण उभा होता माहीत आहे का? हाच लुई, तेव्हा तो युवराज होता आणि बापाशी भांडून बरगंडीवाल्यांच्याच आश्रयाला आला होता.

आता लग्नाचं. मेरी विशीत आणि युवराज सहा वर्षांचा. तरी तिचे दोन जुने मंत्री, ह्युगोने आणि अंबरकूर, फ्रान्सशी जमवून घ्यायच्या मताचे होते आणि तिनं त्यांना लुईकडं गुपचूप पाठवलंही, म्हणजे दार तिनं बंद केलं नव्हतं. लुईनं काय केलं, तर तिचं खासगी पत्र फ्लँडर्समधल्या गेंट शहराच्या लोकांच्या हातात दिलं, कारण त्याला वाटलं शहर आणि मेरी एकमेकांवर उठले की आपलं काम सोपं. गेंटवाल्यांनी भर दरबारात ते पत्र तिच्यासमोर धरलं आणि दोन्ही मंत्र्यांना पकडून मारायचं ठरवलं. मेरी सुतकी कपड्यांत बाजारपेठेत गर्दीत गेली आणि हात जोडून लोकांकडं तिच्या माणसांचा जीव मागायला लागली. काही लोक पाघळले, बाकीच्यांनी ऐकलं नाही, आणि एप्रिलमध्ये दोघांची मुंडकी उडवली. ह्यानंतर कुठली मुलगी त्या घरात सून म्हणून जाईल हो? ऑगस्टमध्ये तिनं ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनशी लग्न केलं.

म्हणून माझ्या मते ‘जर-तर’ करायचंच असेल तर ते मेरीवर नको, लुईवर करा. समजा त्यानं जानेवारीत सैन्याऐवजी सांत्वनाला माणसं पाठवली असती, फ्लँडर्स आणि त्याशेजारचा आर्त्वा तुझेच म्हणून सांगितलं असतं, आणि पोराऐवजी तिच्या वयाच्या जवळचा आपल्या घराण्यातला कुणी, म्हणजे आंगुलेमचा काउंट शार्ल, सुचवला असता, तर ब्रुज-अँटवर्पसारखी श्रीमंत शहरं फ्रान्सच्या बाजूला राहिली असती. ऑस्ट्रियावाल्यांना नेदरलँड्स मिळालंच नसतं, आणि मेरीचा नातू पाचवा चार्ल्स, ज्याच्याकडं पुढं स्पेन, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया सगळं एकत्र आलं, तो झालाच नसता. पण लुईची आयुष्यभराची खटपट मोठ्या सरदारांना मोडायचीच होती, आपल्याच भाऊबंदाला एवढं राज्य देणं त्याच्या गळी उतरणं अवघड होतं.

तरी युद्धं टळली असती असं मला वाटत नाही. फ्लँडर्सचे माग इंग्लंडच्या लोकरीवर चालायचे, त्यामुळं इंग्लंडच्या राजानं फ्रान्सचा अंमल तिथं पचवला नसता, आणि गेंटवाले तर कुणाचंच ऐकणारे नव्हते, मेरी गादीवर बसल्याबसल्या फेब्रुवारीतच त्यांनी आणि इतर प्रांतांनी तिच्याकडनं लिहून घेतलं होतं की आमच्या संमतीशिवाय युद्ध नाही आणि कर नाही. तेच भांडण पॅरिसशी झालं असतं. आर्त्वामधल्या आरास शहरानं लुईला विरोध केला तर त्यानं 1479 मध्ये तिथले लोक हाकलून दिले आणि शहराचं नावसुद्धा बदललं, असल्या माणसाखाली शांतता कसली नांदणार?

आपल्याकडं गादीचा वाद 1707 ला थोरले शाहू महाराज परत आल्यावर पेटला, ताराराणींनी हक्क सोडला नाही, आणि 1731 ला वारणेच्या तहात सातारा आणि कोल्हापूर अशी हद्द ठरली. ताराराणींना गादीसाठी उभं राहायला वर्षानुवर्षं मिळाली. मेरीला पाचच वर्षं मिळाली, मार्च 1482 मध्ये ससाण्याच्या शिकारीत घोड्यावरनं पडून ती गेली, वय पंचवीस.

प्रश्न (एक वाचक, राजारामपुरी): मूळ डची मेरीच्या वंशाला परत मिळाली का?

उत्तर: नाही. 1482 च्या आरासच्या तहात मेरीची चिमुरडी मुलगी मार्गारेट फ्रान्सच्या युवराजाला द्यायची ठरली, हुंड्यात आर्त्वा आणि डचीलगतचा फ्राँश-काँते प्रांत. त्या युवराजानं पुढं 1491 मध्ये ब्रिटनीच्या अ‍ॅनशी लग्न केलं, म्हणून 1493 मध्ये मार्गारेट आणि हुंड्यातले बहुतेक प्रदेश परत आले. दिजों शहराभोवतालची मूळ डची मात्र फ्रान्सकडंच राहिली आणि 1529 मध्ये पाचव्या चार्ल्सनं काँब्रेच्या तहात तिच्यासाठीचा आग्रह सोडला.