ढवळणी अपुरी असेल तर रिअ‍ॅक्टरचं रूपांतरण खरंच इतकं घसरतं का?

रूपांतरण म्हणजे आत गेलेल्या कच्च्या मालाचा किती भाग अभिक्रियेत वापरला गेला ते. कागदावर ते ८०% आणि प्लांटमध्ये ७०%, एवढा फरक नुसत्या मिश्रणामुळे पडू शकतो का? हो, सहज.

समजा सतत वाहणारी टाकी आहे, प्रथम कोटीची अभिक्रिया (वेग संहतीच्या प्रमाणात) आहे आणि वेगस्थिरांक गुणिले निवासकाळ (द्रव टाकीत सरासरी जितका वेळ राहतो तो) ४ आहे. आदर्श मिश्रणात रूपांतरण ४/(१+४), म्हणजे ८०%. आता २०% आकारमान कोपऱ्यात निपचित पडलंय आणि १०% प्रवाह न मिसळता थेट बाहेर जातोय असं धरा. एकूण रूपांतरण जेमतेम ७०% येतं.

पण माझ्या मते खरी डोकेदुखी निवडकतेची, म्हणजे हवं तेच उत्पादन किती मिळतं याची. अ‍ॅझो रंगांच्या कपलिंगसारख्या (डायझो संयुग दुसऱ्या रेणूला जोडून रंग बनवणाऱ्या) जलद अभिक्रियेत डायझो द्रावण जिथे पडतं तिथेच क्षणभर त्याचा अतिरेक होतो. तयार झालेला रंग पुन्हा त्याच्याशी कपलिंग करून नको ते उत्पादन देतो. इथे रूपांतरण पूर्ण दिसतं, माल मात्र चुकीचा! अशा वेळी फीड (आत घालायचं द्रावण) ढवळणाऱ्या पंख्याजवळ सोडा, तेही सावकाश. नुसते आरपीएम वाढवून भागेलच असं नाही.

निदानासाठी मिठाचं थोडं द्रावण एकदम आत सोडून बाहेरची वाहकता मोजा. सुरुवातीलाच वेगळं, अरुंद आणि उंच टोक आलं तर प्रवाह थेट निसटतोय. सरासरी निवासकाळ आकारमान भागिले प्रवाह यापेक्षा कमी भरला, तर मृत जागा (निपचित कोपरे) शोधा.