छावणीतली खरूज माहितीने जाईल का?

प्रश्न : म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या मुसलमानांच्या बांगलादेशातील छावण्यांत दवाखाने आहेत, औषधे मोफत मिळतात, तरीही खरूज, जुलाब, कावीळ यांच्या बातम्या येतच असतात. हा आरोग्याविषयीच्या अज्ञानाचा परिणाम म्हणायचा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : अज्ञानाचा वाटा आहे, पण आपण समजतो त्यापेक्षा तो बराच लहान आहे. म्यानमारच्या १९८२ च्या कायद्याने रोहिंग्यांना नागरिकत्व नाकारले. तेथील राखाइन प्रांतात गावाबाहेर जाण्यावरही निर्बंध असल्यामुळे रुग्णालय त्यांच्या आवाक्याबाहेर राहिले आणि असंख्य मुलांचे लसीकरण झालेच नाही. ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आले, तेव्हा सर्वांना पटकीची (कॉलऱ्याची) धास्ती होती; ऑक्टोबरमध्ये तिची लस मोठ्या प्रमाणावर पाजण्यात आली आणि मोठी साथ टळली. त्यानंतर महिन्याभरातच घटसर्प (डिप्थीरिया) पसरू लागला. लहानपणी लस मिळाली असती, तर ही साथ बहुधा आलीच नसती.

खरजेचे उदाहरण घ्या. मलम घरातल्या सर्वांनी, खाज नसलेल्यांनीही, एकाच वेळी लावावे आणि कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुऊन वाळवावीत, हे तेथील बायकांना आरोग्यसेवक समजावून सांगतात आणि त्यांना ते समजतेही. पण बांबू आणि ताडपत्रीच्या एकाच खोलीत सारे कुटुंब दाटीवाटीने झोपते, कपड्यांचे मोजकेच जोड असतात, पाणी चढावरून वाहून आणावे लागते आणि पावसाळ्यात काही वाळत नाही. एका झोपडीतली खरूज गेली, तरी शेजारच्या झोपडीतून ती परत येते. दोष समजुतीचा नाही, जागेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलाबांना कारण होणाऱ्या पाण्याचेही तसेच : नळावर शुद्ध असलेले पाणी घरातल्या उघड्या भांड्यात आणि हाताळणीत दूषित होते. येथे मात्र झाकण, ओगराळे आणि साबण यांविषयी वारंवार सांगण्याचा खरोखर उपयोग होतो, विशेषतः सांगणारी स्त्री त्यांच्यातलीच, त्यांच्याच बोलीत बोलणारी असेल तर. कारण पडदा पाळणाऱ्या बायका परक्या पुरुषापुढे आपली दुखणी उघड करत नाहीत.

काविळीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे पाचपैकी एका प्रौढाला हेपॅटायटिस सी या, यकृताला सूज आणून कावीळ घडवू शकणाऱ्या विषाणूचा सक्रिय संसर्ग आढळला. हा विषाणू रक्तावाटे, बहुधा निर्जंतुक न केलेल्या सुया व वैद्यकीय उपकरणांतून पसरतो. साधारण तीन महिने गोळ्या घेतल्या की बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. परंतु छावणीत या उपचाराची सोय गरजेच्या मानाने फार तोकडी आहे, बाहेर जाऊन तो घ्यावा तर छावणी सोडण्यावर निर्बंध आहेत, आणि रीतसर काम करण्याची परवानगी नसलेल्या माणसाने त्या गोळ्या विकत तरी कशा घ्यायच्या?